पीएचडी सुरू व्हायच्या आधी इंटर्नशिप करावी का? ऑफर हातात असेल तर आधी हे बघ

तुझा प्रश्न थोडक्यात असा: मॉलिक्युलर बायॉलॉजीच्या पीएचडीला ॲडमिशन मिळालीय, फंडिंगसकट, प्रोग्रॅम सुरू व्हायला चार महिने आहेत आणि मधेच एका बायोटेक कंपनीची दहा आठवड्यांची इंटर्नशिप चालून आलीय. घरचे म्हणतात आराम कर, मित्र म्हणतात रेझ्युमेला लागेल, सीनियर म्हणते गप बसून पेपर वाच, आणि तुला कळत नाहीये कुणाचं ऐकायचं.

मी आधी युनिव्हर्सिटीत लॅब चालवली, आता बरीच वर्षं इंडस्ट्रीत रिसर्च ग्रुप बघते, इंटर्न घेते, आणि मधल्या काळात ॲडमिशन कमिटीवर बसून भरपूर फाइल्सही वाचल्यात. माझं मत सरळ सांगून टाकते: त्या दहा आठवड्यांतून तुला काय हवंय हे एका वाक्यात लिहिता येत असेल तर कर, आणि ते वाक्य "रेझ्युमेला चांगलं दिसेल" एवढंच असेल तर सोडून दे. पीएचडीवाल्याने तर नक्कीच. आता हे असं का ते सांगते, जरा लांबेल.

रेझ्युमेचा मुद्दा आधी निकाली काढू कारण सगळ्यात जास्त गोंधळ तिथेच असतो. तुझी ॲडमिशन झालीय, म्हणजे ज्या कमिटीने तुझी फाइल वाचायची होती तिने वाचून झाली, ती काही ऑगस्टमध्ये परत उघडून बघणार नाही. आणि नोकरीसाठी म्हणशील तर पीएचडी संपेपर्यंत पाच-सहा वर्षं जाणार, तेव्हा तुझ्या सीव्हीवर पेपर असतील, थीसिस असेल, कदाचित तिसऱ्या-चौथ्या वर्षात केलेली दुसरी एखादी इंटर्नशिप असेल, आणि ही पहिली तोवर तळाला एका ओळीत जाऊन बसलेली असेल किंवा काढूनच टाकलेली असेल. मी पीएचडी झालेल्यांचे इंटरव्ह्यू घेते तेव्हा प्रोग्रॅमच्या आधीच्या उन्हाळ्यात काय केलं हे कुणालाही विचारत नाही.

मास्टर्सवाल्यांचं मात्र पूर्ण वेगळं आहे, आणि हे बऱ्याच जणांना कुणी सांगतच नाही. समज कुणी दोन वर्षांच्या मास्टर्सला अमेरिकेत चाललाय, कॉम्प्युटर सायन्स किंवा डेटा सायन्स वगैरे. तो ऑगस्टमध्ये पोचतो आणि पुढच्या उन्हाळ्याच्या इंटर्नशिपचं रिक्रूटिंग मोठ्या कंपन्यांत ऑगस्ट-सप्टेंबरमध्येच सुरू झालेलं असतं. तोवर मास्टर्सची एक परीक्षासुद्धा झालेली नसते, ग्रेड नाही, प्रोजेक्ट नाही, प्रोफेसरला नाव माहीत नाही. करियर फेअरला तो जो रेझ्युमे घेऊन उभा राहतो त्यात ॲडमिशननंतरची नवीन ओळ एकच असू शकते, ती म्हणजे कॉलेज सुरू व्हायच्या आधी केलेलं काम. तिथे ही इंटर्नशिप खरंच उपयोगी पडते, अगदी साधी असली तरी. एमबीएला क्षेत्र बदलायला जाणाऱ्यांचंही तसंच, कारण इन्व्हेस्टमेंट बँकिंग वगैरेचं रिक्रूटिंग पहिल्याच टर्ममध्ये अंगावर येतं, आणि तुम्ही हे क्षेत्र का निवडताय याला तोवर काहीतरी हातात असलेलं बरं. त्यामुळे तुझा मित्र जर मास्टर्सला चालला असेल तर त्याचा सल्ला त्याच्यापुरता बरोबर आहे, तुला तो लागू होत नाही.

आता दहा आठवड्यांचा हिशोब. कागदावर दहा आठवडे दिसतात पण माझ्या ग्रुपमध्ये इंटर्न आला की पहिले दोन आठवडे सेफ्टी ट्रेनिंग, आयडी, लॉगिन, कुठल्या फ्रीजरमध्ये काय आहे, कोणत्या मशीनचं बुकिंग कुणाकडे, यातच जातात. शेवटचे दीड-दोन आठवडे प्रेझेंटेशन, लॅब नोटबुक आवरणं आणि हँडओव्हर. मधे मॅनेजर एखादा आठवडा सुट्टीवर किंवा कॉन्फरन्सला जाणार हे धरूनच चाल. खरं काम करायला उरतात पाच ते सहा आठवडे. एवढ्यात एक नीट आखलेला छोटा प्रोजेक्ट होतो, आणि नुसतं "आमच्याबरोबर बस, बघ, शीक" असं असेल तर काहीच होत नाही. सहा आठवड्यांची इंटर्नशिप असेल तर त्यात हाताला लागतात दोन-तीन आठवडे, म्हणून लॅबच्या कामासाठी आठ आठवड्यांच्या खालच्या ऑफरच्या मी सहसा बाजूने नसते. कोडिंग किंवा डेटा ॲनालिसिसचं काम असेल तर थोडं कमी चालतं, कारण तिथे पेशी वाढायची वाट बघावी लागत नाही.

मग करायची कशासाठी? माझ्या मते सगळ्यात मोठं कारण म्हणजे मनात असलेली शंका. पाच-सहा वर्षं हेच काम करायचं आपल्याला झेपेल का, आवडेल का, ही शंका फार जणांना असते आणि ॲडमिशनच्या आनंदात ती कुणी बोलून दाखवत नाही. कॉलेजच्या प्रॅक्टिकलमधून त्याचं उत्तर मिळत नाही कारण तिथले एक्स्परिमेंट चालणारेच असतात, प्रोटोकॉल कुणीतरी आधीच शंभरदा करून ठेवलेला असतो.

एक उदाहरण देते. माझ्याकडे एका उन्हाळ्यात दोन इंटर्न होते, दोघंही पुढे पीएचडीला जाणार होते. एकाच प्रोटीनसाठी वेस्टर्न ब्लॉट, म्हणजे नमुन्यात ते प्रोटीन आहे का हे अँटिबॉडीने दाखवणारी चाचणी, लावायचं काम दोघांना वाटून दिलेलं, आणि प्रोटीनची पट्टी, म्हणजे बँडच येईना. पहिल्यांदा नाही, दुसऱ्यांदा नाही, तिसऱ्यांदा नुसता काळा धूर दिसावा तसा बॅकग्राउंड. त्यातली मुलगी मेम्ब्रेनला पॉन्सो, म्हणजे सगळी प्रोटीन दाखवणारा रंग, लावून बघत बसली, तर प्रोटीन व्यवस्थित ट्रान्सफर झालेलं दिसत होतं, म्हणजे जेल आणि ट्रान्सफर ठीक, गोंधळ पुढे अँटिबॉडीत किंवा ब्लॉकिंगमध्ये. मग तिने एका कागदावर तक्ता आखला, अँटिबॉडीचं डायल्यूशन एका बाजूला, ब्लॉकिंग दुधाच्या पावडरने की बीएसए या प्रोटीनने ते दुसऱ्या बाजूला, आणि मेम्ब्रेनच्या पट्ट्या कापून एकेक कॉम्बिनेशन लावत गेली. जेवायचीही शुद्ध नव्हती तिला. मुलगा हुशार होता, कदाचित तिच्यापेक्षा जास्त, पण चौथ्या दिवशी त्याने मला येऊन विचारलं की या प्रोजेक्टच्या डेटाच्या ॲनालिसिसचं काम मला देता का. दिलं. तिथे तो खुलला. उन्हाळा संपता संपता त्याने स्वतःहून सांगितलं की मला बेंचवर, म्हणजे लॅबमध्ये हाताने प्रयोग करत, सहा वर्षं काढायची नाहीयेत, आणि प्रोग्रॅम सुरू झाल्यावर रोटेशन्स, म्हणजे गाईड ठरायच्या आधी वेगवेगळ्या लॅब्समध्ये थोडे थोडे दिवस करायचं काम, कॉम्प्युटेशनल लॅब्समध्येच मागून घेतली. हे त्याला पीएचडीच्या दुसऱ्या वर्षात कळलं असतं तर ॲडव्हायजर बदलायची वेळ आली असती, आणि ते किती त्रासाचं असतं ते ज्याने केलंय त्यालाच विचार.

तर तुझ्या मनात अशी शंका असेल, म्हणजे बेंच की कॉम्प्युटर, ॲकॅडेमिया की इंडस्ट्री, किंवा पीएचडी करायचीच का, तर ही इंटर्नशिप कर, त्यासाठी दहा आठवडे ही फार स्वस्त किंमत आहे. आणि शंका अजिबात नसेल, ज्या लॅबसाठी चाललायस तिचं कामही आधी केलेलं असेल, तर या कारणाचं वजन बरंच कमी होतं. तुझ्या प्रोग्रॅममध्ये पहिल्या वर्षी रोटेशन्स आहेत असं तू लिहिलंयस, म्हणजे दोन-तीन लॅब्स चाखून बघायची सोय तिथे आहेच. ज्या प्रोग्रॅममध्ये पहिल्या दिवसापासून एकाच गाईडला बांधलेलं असतं त्यांच्यासाठी आधीची अशी चाचणी जास्त मोलाची.

दुसरं कारण म्हणजे एखादं कौशल्य, पण ते नाव घेऊन सांगता आलं पाहिजे. "इंडस्ट्री एक्सपोजर" हे कौशल्य नाही. फ्लो सायटोमेट्रीचं, म्हणजे पेशी एकेक करून मोजणारं, मशीन स्वतः चालवून गेटिंग, म्हणजे हव्या त्या पेशी डेटातून वेगळ्या करणं, जमणं, आर किंवा पायथॉनमध्ये आरएनए-सेकचा (कुठले जीन्स किती चालू आहेत ते मोजणारा) डेटा सुरुवातीपासून शेवटपर्यंत नेता येणं, सेल लाइन महिनाभर कंटॅमिनेशन न होऊ देता सांभाळणं, ही कौशल्यं. पहिल्या वर्षी कोर्सवर्क, रोटेशन आणि टीचिंग एकदम अंगावर येतं, तेव्हा यातलं एक जरी हातात बसलेलं असेल तर रोटेशनच्या दुसऱ्या आठवड्यात तू काम करत असशील, बाकीचे अजून प्रोटोकॉल वाचत असतील.

तिसरं, माणूस. तुझं काम रोज जवळून बघणारी एक अनुभवी व्यक्ती, जी पुढे फेलोशिपच्या अर्जाला शिफारसपत्र देऊ शकेल. इथे एक लक्षात ठेव, पत्र डायरेक्टरच्या सहीचं असून उपयोग नाही, मी असली पत्रं वाचलीयत ज्यात मोठ्या माणसाने दोन ओळीत "मेहनती आहे" लिहून सोडून दिलेलं असतं. ज्याने तुला एक्स्परिमेंट फसताना आणि सावरताना बघितलंय त्याचं पत्र वजनदार असतं, मग तो ग्रुपमधला साधा सायंटिस्ट का असेना.

आणि चौथं पैसा. याबद्दल लोक उगाच लाजतात. ग्रॅड स्कूलच्या पहिल्या महिन्यात डिपॉझिट, भाडं, प्रवास असे खर्च आधी येतात आणि स्टायपेंड नंतर येतो, त्यामुळे चार पैसे साठवायला इंटर्नशिप करतोय हे पूर्णपणे योग्य कारण आहे. फक्त मग त्याच हिशोबाने ऑफर बघ, राहायचा-जायचा खर्च वजा करून हातात काय उरतं ते. बिनपगारी असेल तर मी शक्यतो नाहीच म्हणते. अमेरिकेत यावर ग्लॅट विरुद्ध फॉक्स सर्चलाइट ही मोठी केस झाली होती, २०१५ मध्ये अपील कोर्टाने त्यात असा निकष धरला की या व्यवस्थेत मुख्य फायदा कुणाचा होतोय, इंटर्नचा की कंपनीचा, ते बघायचं, आणि २०१८ मध्ये तिथल्या लेबर डिपार्टमेंटने तोच निकष उचलला. त्यात बघतात की शिकवणं खरंच होतंय का, इंटर्नचं काम पगारी माणसाची जागा खातंय का, शिकणं जेवढे दिवस चालतंय तेवढ्यापुरतीच मुदत आहे का. तू कुठल्याही देशात अस, बिनपगारी ऑफर आली तर हेच प्रश्न स्वतःला विचार, उत्तर लगेच समोर येतं.

आता ऑफरवर सही करायच्या आधी मॅनेजरशी अर्धा तास बोलून घे. एचआरशी नाही, ज्याच्या हाताखाली रोज काम करणार त्याच्याशी. त्याला विचार की माझा प्रोजेक्ट काय आहे आणि दहाव्या आठवड्याच्या शेवटी माझ्या हातात काय तयार असेल अशी अपेक्षा आहे. रोज अडलं तर कुणाला विचारायचं. मागच्या वर्षीच्या इंटर्नने काय केलं, आणि त्याच्याशी मला बोलता येईल का. चांगला मॅनेजर याची उत्तरं न अडखळता देतो कारण त्याने विचार करून ठेवलेला असतो. "आलास की ठरवू, कामं भरपूर आहेत" असं उत्तर आलं तर समजून जा की तुला इकडचं तिकडचं उरलेलं काम मिळणार, कुणाच्या तरी एक्सेल शीट भरणं, ट्यूबवर लेबलं लावणं. मागच्या इंटर्नचा नंबर द्यायला टाळाटाळ केली तर तेही उत्तरच आहे.

कागदपत्रं नीट वाच, हे मी कळकळीने सांगतेय. कंपनीच्या ऑफर लेटरबरोबर बहुतेक वेळा दोन गोष्टी येतात, एक गुप्ततेचा करार आणि दुसरं असं कलम की इंटर्नशिपच्या काळात तू जे काही शोधशील, लिहिशील ते कंपनीच्या मालकीचं. हे नेहमीचंच आहे, घाबरायचं कारण नाही, पण तुझा पीएचडीचा विषय आणि कंपनीचा विषय अगदी जवळजवळ असेल तर हे पुढे आडवं येऊ शकतं. तिथे बघितलेली पद्धत किंवा मॉलिक्यूल तू थीसिसमध्ये वापरू शकणार नाहीस, आणि त्यावर गाईडशी मोकळेपणाने बोलूही शकणार नाहीस. कलम नेमकं किती रुंद आहे ते बघ, फक्त कंपनीच्या वेळेत आणि साधनांवर केलेल्या कामापुरतं आहे की त्या काळातल्या सगळ्या कल्पनांवर आहे. दुसऱ्या प्रकारचं असेल तर बदलून मागता येतं, लोक विचारतच नाहीत. आधी केलेल्या कामाची यादी जोडायची जागा असते तिथे तुझ्या आधीच्या डिझर्टेशनच्या (प्रबंधाच्या) कामाचं नाव लिहून ठेव.

परदेशी जाणार असशील तर व्हिसाचं गणित. बाकी देशांचे नियम वेगळे, पण अमेरिकेचं सांगते कारण सगळ्यात जास्त चुका तिथेच होताना बघितल्यात. एफ-१ वर, म्हणजे विद्यार्थी व्हिसावर, तू आय-२० वरच्या (युनिव्हर्सिटी देते त्या फॉर्मवरच्या) प्रोग्रॅम सुरू व्हायच्या तारखेच्या ३० दिवसांपेक्षा आधी आत जाऊ शकत नाहीस, त्यामुळे "जूनमध्येच जाऊन होणाऱ्या गाईडच्या लॅबमध्ये सुरुवात करतो" हे आपलं आपण ठरवून होत नाही, त्यासाठी युनिव्हर्सिटीने आय-२० ची सुरुवातच उन्हाळ्याची द्यावी लागते आणि काही डिपार्टमेंट तशी सोय करतात, विचारून बघायला हरकत नाही. टुरिस्ट व्हिसावर जाऊन लॅबमध्ये "नुसतं बसायचं" हा सल्ला कुणी दिला तर अजिबात ऐकू नकोस. आता मायदेशातून रिमोट इंटर्नशिप करत असशील तर ती तिकडे पोचायच्या आधी संपव, कारण एफ-१ वर तिथे बसून कंपनीचं उरलेलं काम करणं विनापरवाना काम धरलं जाऊ शकतं. प्रोग्रॅममध्ये गेल्यावर बाहेर इंटर्नशिप करायला सीपीटी, म्हणजे शिकत असताना काम करायची परवानगी, लागतं आणि ते साधारणपणे एक पूर्ण शैक्षणिक वर्ष झाल्याशिवाय मिळत नाही, फक्त ज्या ग्रॅज्युएट प्रोग्रॅममध्ये सुरुवातीलाच ट्रेनिंग सक्तीचं आहे त्यांना सूट असते. हो, आणि तिकडे गेल्यावर फुलटाइम सीपीटी १२ महिने किंवा त्याहून जास्त वापरलं तर त्या डिग्रीच्या पातळीचं ओपीटी, म्हणजे शिक्षणानंतर तिथे काम करायची परवानगी, जातं, हे आत्ताच डोक्यात ठेवलेलं बरं. पासपोर्टचंही बघ, इंटर्नशिप तिसऱ्याच देशात असेल आणि त्याच काळात व्हिसा इंटरव्ह्यूसाठी पासपोर्ट जमा करायची वेळ आली तर फार धावपळ होते.

ऑफर नसेल आणि शोधायचीच असेल तर अजून एक अडचण कळून असू दे. विद्यार्थ्यांसाठीचे बरेच प्रोग्रॅम पदवी हातात पडली की बंद होतात. अमेरिकेतला नॅशनल सायन्स फाउंडेशनचा आरईयू हा रिसर्चचा प्रोग्रॅम पदवीच्या विद्यार्थ्यांसाठीच आहे, बॅचलर्स झालेल्याला सहसा घेत नाहीत. तू आता मधल्या फटीत आहेस, एक डिग्री संपली आणि दुसरी सुरू व्हायची, त्यामुळे अर्ज करायच्या आधी पात्रता वाच नाहीतर आठवडे फुकट जातात.

ॲडमिशन एक वर्ष पुढे ढकलून लांब इंटर्नशिप करावी का असंही काही जण विचारतात. अर्थशास्त्रात पीएचडीच्या आधी एक-दोन वर्षं प्रीडॉक, म्हणजे रिसर्च असिस्टंट, म्हणून काम करणं आता रुळलंय, सायकॉलॉजीत लोक लॅब मॅनेजरचं काम करून मग अर्ज करतात, पण ते सगळं अर्जाच्या आधी. ॲडमिशन मिळाल्यावर ढकलायचं असेल तर लेखी विचार की फंडिंग तसंच राहणार का, आणि तुला ज्या प्रोफेसरबरोबर काम करायचंय ते पुढच्या वर्षी विद्यार्थी घेणार आहेत का, सबॅटिकलवर (लांब रजेवर) तर नाहीत. जागा राखून ठेवली पण पैसा नाही असं झालेलं मी बघितलंय. नुसत्या इंटर्नशिपसाठी मी हे करणार नाही.

आता आरामाचं. तुझे घरचे म्हणतात त्यात तथ्य आहे आणि मी हे गंभीरपणे घेते. पीएचडीत उन्हाळ्याची सुट्टी अशी नसते, इतकं सलग मोकळं मिळणं पुढे बरीच वर्षं होणार नाही. थकून पोचलेला विद्यार्थी पहिल्या सेमिस्टरला ओळखू येतो, हुशारी असते पण डोळ्यात काही नसतं. घरात कुणी आजारी असेल, किंवा शेवटचं वर्ष फार दमवणारं गेलं असेल, तर दुसरा काही विचार न करता सुट्टी घे. आणि इंटर्नशिप करणार असलास तरी ती संपणं आणि प्रोग्रॅम सुरू होणं यात किमान तीन आठवडे मोकळे ठेव, त्यात सामान, घर, कागदपत्रं हेही असतंच.

सीनियर म्हणते पेपर वाच, त्याबद्दल एवढंच की चार महिने घरी बसून पेपर वाचणारे मी फार कमी बघितले. पहिला आठवडा होतं, मग राहून जातं. स्टॅटिस्टिक्स कच्चं असेल तर ते मात्र खरंच पक्कं कर, रोज तासभर पुरतं, आणि हे इंटर्नशिप करतानाही होतं.

तर तुझ्या बाबतीत. तू पत्रात एक वाक्य ओझरतं लिहिलंयस की "बेंचवर मला मजा येते पण कंपनीत गेलं तर आवडेल का माहीत नाही". माझ्या दृष्टीने तेच तुझं एका वाक्यातलं कारण आहे, आणि ते पुरेसं आहे. ऑफर पगारी आहे, दहा आठवड्यांची आहे, चार महिन्यांत बसते. म्हणून मी हो म्हणेन, पण आधी या आठवड्यात मॅनेजरशी तो कॉल कर. प्रोजेक्टचं उत्तर नीट आलं तर सुरुवात लवकरात लवकरची माग म्हणजे शेवटी मोकळे आठवडे राहतील. उत्तर गुळमुळीत आलं तर नम्रपणे नाही म्हण, आणि ज्यांच्या लॅबमध्ये पहिलं रोटेशन करायची इच्छा आहे त्या प्रोफेसरना मेल टाक की पहिल्या रोटेशनच्या आधी मी काय शिकून आलो तर तुम्हाला उपयोग होईल. बहुतेक जण उत्तर देतात, आणि त्यात एखाद्या सॉफ्टवेअरचं किंवा टेक्निकचं नाव असतंच. सही केलीस तर मालकीचं ते कलम मला वाचून दाखव, नावं काढून टाकून.